आफ्रिकेची बेडकी आणि आमची धोंडी

दिवाळीला मोठा दादा नागपूरहून आमच्या गावी, इंझोरीला आला, तो झाकणाला भोकं पाडलेला बिस्किटांचा डबा घेऊन. आत पाणी, आणि पाण्यात एक चपटी, राखाडी बेडकी. दादा तिथल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होता. बाईला दिवस गेलेत का हे बघायला त्या काळी तिथं आफ्रिकेतल्या बेडक्या ठेवत. बाईच्या लघवीची सुई बेडकीला टोचायची. दुसऱ्या दिवसापर्यंत बेडकीनं अंडी घातली, की बाई गरोदर. ही बेडकी आता थकली होती, तिला टाकून देणार होते, म्हणून दादानं मागून आणली. मी अकरा वर्षांची. मला तर वेड लागायचंच बाकी राहिलं!

कंदील दुरुस्त करणाऱ्याकडून दादानं पत्र्याच्या चौकटीत काचा बसवून पेटी करून घेतली. वर चाळणीची जाळी, नाहीतर बाईसाहेब उडी मारून पसार. ही बेडकी पाण्याबाहेर येतच नाही. हिला जीभ नाही. गांडूळ टाकलं की दोन्ही हातांनी तोंडात कोंबायची, पंगतीत बसलेल्या हावरट पोरासारखी. मागच्या पायांना काळी नखं. मी तासन्‌तास काचेला नाक लावून बसायची आणि माय ओरडायची, "अवं, भाकरी थापाले ये, का बेडकीच खाऊ घालीन तुले?"

आता माझी चूक सांगते. मी गप्प बसणारी नव्हे. शाळेत, विहिरीवर, देवळापाशी, जो भेटेल त्याला सांगत सुटले, की आमच्या बेडकीला पोटातलं सगळं कळतं. सुईची गोष्ट मात्र मी खुशाल गाळली.

पुढच्या वर्षी आषाढ अर्धा सरला तरी आभाळ कोरडं. विहिरी तळाला गेल्या. बेडकीचं पाणी बदलायला एक घागर मिळवायची म्हणजे मायशी रोज भांडण. अशात गल्लीतल्या बायांनी धोंडी काढायची ठरवली. मुसळाला कडुलिंबाचा पाला आणि बेडूक बांधून दारोदार फिरवायचं, घरोघरच्या बायांनी त्यावर पाणी ओतायचं, की पाऊस येतो. पण गावचे बेडूक जमिनीत खोल गेलेले, एक मिळेना. बाया थेट आमच्या दारात.

"दे व पोरी तुही बेडकी. जिले पोटातलं कळते, तिले आभाळातलं नाई कळणार काय?"

माझ्याच तोंडानं मी तिला फासावर चढवलं होतं. बाहेर काढून उन्हात बांधली तर घटकाभरात वाळून मेली असती. मी पेटीला मिठी मारून बसले. "नाई देत जा! मरून जाईन ती!"

बाबा म्हणाले, "गावाचं काम हाय. नाई कसं म्हणता येईन?"

एकदम सुचलं आणि मी ओरडले, "मंग पेटीसकट न्या!"

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एकजण हसली, आणि ठरलंच! पेटी दोरांनी लाकडाच्या बल्लीला टांगली, काचांभोवती ओलं पोतं गुंडाळलं, वर मुसळ आणि कडुलिंब. दोन गडी पुढं-मागं. निघाली धोंडी! अशी धोंडी गावानं कधी पाहिली नव्हती. म्हातारे काठ्या टेकत दाराशी आले, लेकरं पोतं सारून आत डोकावत होती. मी पेटीच्या बाजूनं पळत होते. हिसक्यासरशी पाणी सांडत होतं. दर दोन घरांना बेडकीची पाठ उघडी पडायची, मी किंचाळायची, आणि घरातली बाई आतून तांब्या आणून ओतायची. एकीनंही हात आखडला नाही.

गावाच्या टोकाला एक म्हातारी एकटी राहायची. तिथं पोचलो तेव्हा पेटीत जेमतेम दोन बोटं पाणी उरलं होतं. तिनं घागर तांब्यात पुरती उपडी केली. तांब्याही भरला नाही. तेवढं सगळं तिनं बेडकीवर ओतलं.

मी घाबरून विचारलं, "आजी, तुमाले प्याले?"

"मी इथलीच हाय व माय, कुठून बी आणीन," ती म्हणाली. "ते बिचारी परमुलखातली. ते कोणाले मांगीन?"

मला रडूच कोसळलं. हे गाव माझ्या बेडकीला मारणार म्हणून मी सकाळी दात-ओठ खात बसले होते. स्वतःची इतकी लाज मला पुढं क्वचितच वाटली.

बेडकी जगली. पाऊस काही त्या आठवड्यात आला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी विहिरीवर गेले, नंबर लावला, आणि पहिली घागर डोक्यावर घेऊन गावाच्या टोकाला निघाले.