एक डोळा राहिलाय

कारखान्यात हात रंगात आणि तोंड रिकामं, मग किस्से साचणार नाहीत तर काय! पण यंदाचे सगळे एकाच शब्दाचे, आणि तोही स्पेनचा.

आमचा पेणजवळच्या जोह्याचा गणपतीचा कारखाना. यमुनाकाकी मूर्तींचे डोळे आखते आणि मी सोवळी रंगवते. काकीचा हात आता थरथरतो. तिच्यासारखे डोळे आमच्यात कुणालाच जमत नाहीत, म्हणून काकी कायम धास्तावलेली. तेवढ्यात स्पेनहून मार्ता तीन महिन्यांसाठी शिकायला आली आणि तिला जमले की हो!

मार्ताच्या तोंडी सारखं ‘केदार’. आमच्याकडे ते माणसाचं नाव, त्यांच्याकडे क्रियापद. मोबाइल त्याचं मराठी करायचा, ‘उरणे’. झालं, तिथून गोंधळ सुरू!

*

मी नवी साडी नेसून गेले. मार्ता म्हणाली, “ते केदा ब्येन!” मोबाइल बोलला, “तुला चांगली उरते.”

मी घाबरून पदर चाचपला. म्हटलं, अगो बाय, नेसताना कुठं चुकले? तासाभराने कळलं, ‘शोभते’ म्हणत होती.

*

एकदा तिने कारखान्याच्या शेठना पत्ता विचारला, “पेणचा एसटी स्टँड कुठे उरला?”

शेठचा चेहरा पडला. “काल तर व्हता! पाडला काय?”

*

टेम्पोवाल्या रफिकभाईंना म्हणाली, “आपण पाच वाजता उरतो.” म्हणजे पाचला भेटायचं ठरलं.

रफिकभाईंनी टोपी काढून डोकं खाजवलं. “आपण दोघंच? आणि बाकीचे कुठं जाणार?”

*

काकी वैतागली. “एक शब्द आन् छप्पन भानगडी! मी नाय बाय हा तोंडात घेणार.” आणि खरंच, तीन महिने तिने तो उच्चारला नाही.

*

मार्ता निघाली त्या दिवशी दारात रफिकभाई हॉर्नवर हॉर्न मारत होते. आत रोह्याचं गिऱ्हाईक मूर्तीसाठी अडून बसलेलं. “काकी, हिचा एकच डोळा आखलाय! दुसरा काढा ना.”

“ही द्यायची नाय. दुसरी घ्या.”

आम्हाला काही कळेना. इतक्या वर्षांत काकीने अर्धी मूर्ती कधी ठेवली नव्हती.

मार्ता पाया पडायला वाकली. काकीने तिचा दंड धरला, मूर्तीच्या कोऱ्या डोळ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, “केदा.”

मार्ता ढसाढसा रडली. बॅग तिथंच टाकून तिने ब्रशला हात घातला.

काकीने ब्रश पदराखाली लपवला. “आत्ता नाय गो. पुढल्या साली!”