मंगलम टीचरचा शेवट

"मंगलम टीचर पृथ्वीवर परत आली पाहिजे," राघवन म्हणाले. "ती तिकडेच राहिली तर सीझन टू कुणावर करायचा?"

चेन्नईतल्या नुंगंबाक्कमच्या आमच्या ऑफिसातली ही मीटिंग. राघवन चॅनेलचे. मालिका बनवणारी कंपनी आमची, आणि सुधा माझी बॉस. मी स्टोरी एडिटर. संवाद मी लिहीत नाही, ते तमिळ लेखक लिहितात. कादंबरी घ्यायची, तिचे आठ एपिसोड पाडायचे, कुठल्या एपिसोडमध्ये काय घडेल आणि तो संपल्यावर माणूस पुढचा का लावेल हे ठरवायचं, एवढं माझं काम.

ही कादंबरी मात्र मी कामासाठी वाचली नव्हती. नवऱ्याच्या बदलीमुळे पुण्याहून चेन्नईला आले, तेव्हा एका मैत्रिणीने सांगितलं, तमिळ शिकायचं असेल तर हे वाच. मी अक्षरं जुळवत चार महिने वाचत होते. चंद्रावरच्या एका खाणवस्तीत शाळा असते. तिथे शिकवायला पृथ्वीवरून पन्नाशीची, एकटी, जराशी खडूस अशी मंगलम टीचर येते. तिकडेच जन्मलेली बारा मुलं. त्यांनी पाऊस पाहिलेला नाही, झाड पाहिलेलं नाही. त्यांची हाडं इतकी नाजूक की पृथ्वीवरचं वजन त्यांना पेलणार नाही. मग खाण बंद पडते. शेवटचं यान निघतं. टीचरसाठी त्यात जागा असते, मुलांसाठी नसते. ती जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती हजेरी घेते, आणि पुस्तक संपतं.

इकडच्या दोन पिढ्यांनी हे पुस्तक शाळेच्या दप्तरात लपवून वाचलंय. माझ्या डेंटिस्टला ती हजेरी पाठ आहे, बारा नावं, क्रमाने.

हक्क मीच मिळवले. लेखिका अंबुजाबाई चेन्नईतच वेस्ट मांबलमला राहायच्या. वय ऐंशीच्या पुढे. मुलींच्या शाळेत फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या. लिहिलं सगळं तमिळमध्ये, पण घर तंजावरकडच्या मराठ्यांचं. याआधी दोन कंपन्यांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं. मी मराठीत बोलले आणि त्यांनी मला आत बसवलं. त्यांची मराठी जुन्या पोथीतल्यासारखी, सूर तमिळ, आणि मला हाकही तमिळ लाडाची, 'मा'. माझी मराठी ऐकताना त्या मध्येच हसायच्या.

"एकच राखून ठेव मा," त्या म्हणाल्या. "ती परत येत नाही. बाकी तुमचा टीव्ही, तुमचें काम."

"शेवट बदलणार नाही," मी म्हणाले.

"तीस वरुषें शिकविलें मी. वर्ष सरलें कीं मुली जातात, टीचर तेथेंच राहते. त्याचेंच पुस्तक आहे तें. चंद्र नुसता वरून लाविला."

करारात एक कलम घातलं गेलं. मालिकेची आउटलाइन, म्हणजे सगळ्या एपिसोडांचा सारांश, लेखिकेला दाखवून प्रत्येक पानावर तिची सही घ्यायची. त्याशिवाय शूटिंग नाही.

आता त्या मीटिंगकडे येते. राघवन वाईट माणूस नव्हते. कादंबरी त्यांनीही वाचली होती. टीचरचं वय पस्तिसावर आणलं, एक इंजिनिअर तिच्या प्रेमात पाडला, हे सगळं मी आधीच मान्य केलं होतं. ते सोसता आलं. शेवटासाठी मी अर्धा तास भांडले. मग त्यांनी विचारलं, "ही मालिका व्हावी असं तुम्हाला वाटतं की नाही?" मला फार वाटत होतं. इतक्या वर्षांत माझं नाव पहिल्यांदा ठळक येणार होतं. हे कारण तेव्हा मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

नवा शेवट मीच लिहिला. हाडांवर औषध सापडतं, टीचर मुलांना घेऊन यानात चढते, खाली पृथ्वीवर इंजिनिअर उभा असतो. चाळीस मिनिटांत लिहून झाला. वाईट नव्हता, याचीच आता जास्त लाज वाटते.

सुधा म्हणाली, "अंबुजा मॅडमना नीट समजावून सांग. नाहीच म्हणाल्या तर मला फोन कर, मी येते. बघू काय करता येतं."

म्हणजे खोटं बोल असं मला कुणीही सांगितलं नव्हतं.

दुपारी तीनच्या सुमारास मी त्यांच्याकडे पोचले. आउटलाइनची सात पानं, इंग्रजीत. त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला होता. समोरचं माणूस कडेने दिसायचं, पण अक्षरं मधोमध पुसल्यासारखी व्हायची. भाची मैथिली त्यांच्याजवळ राहायची, बँकेत नोकरीला. ती घरी नव्हती.

"तूंच वाच मा. मराठींत सांग, ऐकायला बरें वाटतें."

मी वाचू लागले. कागदावर इंग्रजी, तोंडात मराठी. एक पान झालं की त्यांच्या हातात पेन द्यायचं, बोट धरून जागा दाखवायची, त्या तमिळमध्ये सही करायच्या. टीचरचं वय ऐकून त्यांनी नाक मुरडलं. इंजिनिअरचं ऐकून म्हणाल्या, "असूं दे. बिचारा."

सातवं पान आलं. समजावून सांगायची वाक्यं मी रिक्षात तयार करून ठेवली होती. त्या कान माझ्याकडे करून बसल्या होत्या. त्या नाही म्हणतील हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि मी कागदावर नजर ठेवून, जणू तिथेच लिहिलंय अशा आवाजात म्हणाले, "यान निघून जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी टीचर वर्गात येते आणि हजेरी घेते."

"नांवें बाराही घेणार?"

"बाराही."

"बरें जालें," त्या म्हणाल्या, आणि मी त्यांचं बोट जागेवर नेलं.

घरी जाताना मी स्वतःशी बरीच वकिली केली. चॅनेल पुढे मन बदलेल. एडिटिंगमध्ये शेवट पुन्हा फिरवता येईल. त्या आता कुठे बघणार आहेत. यातला शेवटचा विचार सगळ्यात नीच होता आणि सगळ्यात उपयोगी पडला.

मालिका आली. चालली. पुस्तकाचे वाचक मात्र फार दुखावले. अंबुजाबाईंच्या जुन्या विद्यार्थिनींनी फोन करकरून त्यांना शेवट सांगितला. मला त्यांचा फोन आला नाही. मीही केला नाही.

काही आठवड्यांनी वेस्ट मांबलमच्या एका वाचनालयात वाचकांनी त्यांना बोलावलं. सुधा म्हणाली, आपलं कुणीतरी दिसलं पाहिजे, तू जा. मी मागच्या रांगेत बसले. एका बाईंनी उभं राहून विचारलं, "मिस, तुम्ही याला परवानगी कशी दिलीत?"

अंबुजाबाई तमिळमध्ये सावकाश बोलल्या. "मला सगळं वाचून दाखवलं होतं. वाचणारी मुलगी चांगली आहे. प्रत्येक पानावर माझी सही आहे. शेवटच्या पानाला माझा डोळा लागला असणार. किंवा ऐकलं आणि विसरले. या वयात होतं. चूक माझी आहे. तुमची माफी मागते."

पुढच्या रांगेतल्या दोघी रडत होत्या. मी उठून एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. मी चप्पल शोधण्याच्या निमित्ताने खाली वाकले आणि तशीच बसून राहिले.

बाहेर मैथिलीने मला गाठलं. तिला माझ्याबद्दल राग नव्हता, उलट काळजीने सांगत होती. "मावशी फार घाबरली आहे. डॉक्टरकडे नेलं, मेमरी टेस्ट केली. तो म्हणतो ठीक आहे, पण तिला पटत नाही. नवीन कादंबरी मला तोंडी सांगत होती, ती बंद केली. म्हणते, मला ऐकलेलं आठवत नाही, तर सांगितलेलं काय आठवणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. मैथिलीलाही थांबायला सांगितलं. बॅगेत ती सात पानं होती. बसायच्या आधीच बोलले, कारण बसले असते तर पुन्हा गोल फिरून काहीतरी वेगळंच बोलले असते.

"तुम्ही झोपला नव्हतात. मी शेवटचा परिच्छेद वाचलाच नाही. तुमच्या पुस्तकातला शेवट तोंडाने म्हटला आणि सही घेतली."

मैथिलीने माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. मग अंबुजाबाई म्हणाल्या, "आतां वाच."

मी वाचला. औषध, यान, खाली उभा इंजिनिअर. एक शब्द गाळला नाही.

"म्हणजे माझें डोकें ठीक आहे," त्या म्हणाल्या. माझ्याशी नाही, मैथिलीशी. आणि हातांनी चेहरा झाकून रडल्या. सुटल्यासारख्या रडल्या.

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माझ्या भाषेंत फसविलेंस तूं मला. तमिळींत कोणी आला असता तर मी दहादां विचारलें असतें." थोड्या वेळाने, अगदी साध्या आवाजात, "आतां जा मा. पुन्हां येऊं नको."

वाचनालयाच्या पुढच्या बैठकीत मी उभी राहिले आणि माझ्या मोडक्या तमिळमध्ये सगळं सांगितलं. कुणी ओरडलं नाही. एका बाईंनी फक्त विचारलं, "त्या दिवशी तुम्ही इथेच बसला होतात ना?" मी हो म्हणाले.

सुधाला मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. तिने मला दोन वाक्यांत सीझन टूवरून काढलं. कंपनीने अंबुजाबाईंना लेखी माफीपत्र पाठवलं. शेवट बदलला नाही. मालिका अजून लोक बघतात, आणि टीचर दर वेळी यानात चढते.

मैथिलीचा एकदा मेसेज आला. मावशी पुन्हा कादंबरी सांगू लागली आहे, एवढाच. कशावर आहे, ते तिने लिहिलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी अजून याच धंद्यात आहे. लेखकाची सही घ्यायची असेल तर मजकूर त्याच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत आठवडाभर आधी पाठवते. डोळे साथ देत नसतील तर त्याच्या घरातलं माणूस वाचतं, मी खोलीबाहेर थांबते. नव्या लोकांना वाटतं, मी नियमांची फार पक्की आहे. तसं नाही. मला संधी मिळाली की मी काय करते, ते मला माहीत आहे.