हजेरीच्या सह्या

शिवाजी पेठेतलं भाड्याचं घर सोडून आम्ही गावाबाहेरच्या कॉलनीत प्लॉट घेतला, तो मागच्या मैदानाकडं बघून. शहराच्या आराखड्यात त्या जागेवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण होतं. एक दिवस पेपरच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात नोटीस आली. आरक्षण उठवून जागा व्यापारी वापरासाठी द्यायची आहे, हरकत असल्यास लेखी कळवावी.

मी निवृत्त शिक्षिका. घरोघरी फिरून हरकतीचे अर्ज मीच लिहून दिले. शेजारचे दूधवाले मामा सोबत असायचे.

"निवडून दिल्यालं कोण न्हाईच की आता. बोंबलायचं कुणाच्या दारात?" ते म्हणायचे. नगरसेवकांची मुदत तेव्हा संपलेली होती आणि सगळा कारभार प्रशासकाच्या हाती.

सुनावणीला आम्ही चाळीसएक जण गेलो. दारात कारकुनानं कोरा कागद पुढं केला, "हजेरी लावा."

मामा घुटमळले. "बाई, वर कायच लिवल्यालं न्हाई."

"अहो, हजेरीच आहे. करा सही," म्हणत पहिली सही मीच केली.

आत साहेबांनी मोबाइलमधनं मान वर केली नाही. मामांनी विचारलं, "पोरांनी खेळायचं कुठं?" साहेब शिपायाला म्हणाले, "चहा सांग." दहा मिनिटांत आम्ही बाहेर.

पुढं मैदानाला पत्रे ठोकले गेले. माहिती अधिकारात मी कागद मागवले. 'उपस्थित नागरिकांनी बदलास संमती दर्शविली. सह्या सोबत जोडल्या आहेत.' त्या कोऱ्या कागदाच्या डोक्यावर आता संमतीचं वाक्य टाईप केलेलं होतं आणि खाली पहिलीच सही माझी. वळणदार, शाळेत गिरवून घ्यायची तशी.

मामांना कागद दाखवला. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "आपलीच सही हाय की," एवढंच म्हणाले.

तक्रार केली. उत्तर आलं, सह्या खऱ्या असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

आता तिथं दुकानगाळे उभे आहेत. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बिल्डरचा माणूस पत्रिका घेऊन दारात आला. "बाई, तुम्ही कॉलनीतल्या ज्येष्ठ. फीत तुमच्याच हातनं कापायची म्हणतोय आम्ही."

मी दार लावून घेतलं. तो बाहेरनं म्हणत होता, "पेढे तरी घ्या की!"