चौथ्या पानावरची खूण

विभागातली मुलं त्यांना पाठीमागे आजोबा म्हणत. वय बेचाळीसच, पण स्वतःचा प्रबंध अकरा वर्षं भिजत पडलेला आणि इतरांचे प्रकल्प तपासता तपासता केस पिकलेले. मशीन लर्निंगच्या सिद्धान्ताचा तास प्राध्यापक घेत. मुलांच्या शंका आणि रडगाणी आजोबांच्या वाट्याला येत. सादरीकरणाआधी प्रत्येक सिद्धता ते वाचत आणि पानापानावर बरोबरची खूण करत. त्या खुणांवाचून कुणी फळ्यापाशी उभं राहायचं नाही, असा दंडकच होता.

त्या सकाळी सहावी पाळी एका मुलीची होती. तिची नोकरी ठरली होती, पुढच्याच महिन्यात रुजू व्हायचं होतं. एवढा विषय सुटायचा बाकी होता. संगणकानं जुन्या नोंदींवरून निवडलेला नियम नव्या नोंदींवर फारसा फसणार नाही, हे तिला सिद्ध करायचं होतं. ती बोलत छान होती. चौथ्या पानावरचं सूत्र तिनं फळ्यावर उतरवलं आणि आजोबांना आपली चूक दिसली. नियम नोंदी पाहण्याआधी ठरवलेला असेल, तरच ते सूत्र चालतं.

प्राध्यापकांनी मान वर केली. "हजार नियमांतून हाच का निवडलास?"

"सर, याच्या चुका सगळ्यांत कमी होत्या."

"कोणत्या नोंदींवर?"

"ह्याच. दोनशे."

"सामना संपल्यावर पैज लावली की!" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, आणि वर्ग हसला.

"हजारही नियम हिशेबात धर. पुन्हा काढ," प्राध्यापक म्हणाले.

खडू थांबत थांबत चालला. "फसण्याची शक्यता... सदतीसपेक्षा कमी."

"शक्यता एकाच्या वर जातच नाही, बाळ. मग तू सिद्ध काय केलंस?"

तिनं पान उचलून दाखवलं. "पण सर, हे तपासलेलं आहे."

आजोबा उठले. "चूक माझी आहे, सर. घाईत वाचलं. तिला आठवडा द्या."

"खूण तुमची, सिद्धता तिची. पुढच्या सत्रात करू दे."

"नोकरी जाईल हो तिची."

"मग काय, सदतीस वाचून पास करू?"

प्राध्यापकांच्या खुर्चीत आजोबा असते, तर त्यांनीही हेच विचारलं असतं. तेच त्यांना अधिक लागलं.

ते तिच्यामागून बाहेर आले. ती भिंतीला टेकून उभी होती.

"कंपनीला मी पत्र लिहितो," ते म्हणाले. "माझ्याकडून राहिलं, असं स्पष्ट लिहितो."

"ते थांबतील, सर?"

खोटं बोलणं त्यांच्या जिवावर आलं. "नाही थांबणार."

तिनं मान हलवली. आतून सातव्या पाळीचा पुकारा झाला, पाठोपाठ आजोबांच्या नावाचा. त्यांचा पाय उचलेना.

"जा सर, मुलं खोळंबलीत," ती म्हणाली, आणि तिनंच त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.