कुलूपबाई

कुलूप लावलं की ते खाली ओढून पाहणारी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. आमच्या बाई एकदा ओढायच्या, थोडं पुढे जायच्या, परत यायच्या आणि पुन्हा ओढायच्या. मधल्या वेळात कुलपाने लबाडी केली असेल अशी त्यांना शंका असावी. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, तो चालताना वाजायचा, आणि मुलींच्या वसतिगृहातली कुजबूज त्या आवाजासरशी बंद व्हायची. मैदानापलीकडे मुलांचं वसतिगृह होतं. त्या पोरांनीच त्यांचं नाव ‘कुलूपबाई’ ठेवलं. बाईंना ते ठाऊक होतं. “ठेवू दे नाव. कुलूप हाय म्हनून तर माजी नोकरी हाय,” म्हणायच्या.

आमची शाळा पाम गावाच्या पुढे, आडरस्त्याला. लहानशी, खासगी, मुलामुलींची निवासी शाळा. माझं घर बोईसरला. आईबाबा दोघंही कंपनीत, दोघांच्या शिफ्ट वेगळ्या, घरात मला बघायला कोणी नाही, म्हणून आठवीपासून मला इथे ठेवलेलं. गच्चीवरून तारापूरच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसायच्या. त्यांच्या अलीकडे कुठेतरी आमची बिल्डिंग. लांबच्या गावच्या मुली रडून मोकळ्या व्हायच्या. मला तेवढीही सोय नव्हती, कारण घर एवढं जवळ असताना रडतेस कशाला, असं जो तो विचारायचा. शाळेने मला गणित शिकवलं, चारचौघांत बोलायला शिकवलं, सगळं कबूल. पण मला तिथे कोंडल्यासारखं व्हायचं. घंटा झाली की उठा, घंटा झाली की जेवा, घंटा झाली की झोपा. जूनपासून माझा डोळा स्वयंपाकघरामागच्या फाटकावर होता. तिथून दूध आणि भाजी आत यायची. बाहेर कोणीच जायचं नाही.

पहिल्याच आठवड्यात मी बाईंना विचारलं, “मी घरी कधी जाणार?”

“जाशील ग बाय,” बाई चादरींच्या घड्या घालत म्हणाल्या. “मी पन एकाच टर्मसाठी आलेली.”

आम्ही मुली हसलो. बाई तिथे मुख्याध्यापकांच्याही आधीपासून होत्या. नवरा गेला तेव्हा मुलगी लहान होती. तिला माहीमला बहिणीकडे ठेवून त्या इथे आल्या. माहीम म्हणजे मुंबईतलं नव्हे, आमचं केळव्याजवळचं. वसतिगृहातल्या खोलीत घरचं माणूस ठेवायला परवानगी नव्हती. मुलीचं नाव प्राची. आम्हा सगळ्यांच्या वेण्या बाईंनी घातल्या, प्राचीच्या तिच्या मावशीने.

कोळ्याघरची बाई आणि आमची मेस शाकाहारी! पानात वाढलेल्या डाळीकडे त्या असं पाहायच्या की आम्हालाच वाईट वाटायचं. भेटीच्या रविवारी पालकांचे डबे तपासायचं काम त्यांचं होतं. सुकटीची चटणी झाकणावरूनच ओळखायच्या. “हे चालनार नाय,” असं कडक आवाजात सांगून जप्त करायच्या. मग दुपारी स्वयंपाकघराच्या पायरीवर, ज्यांना भेटायला कोणी आलेलं नसे त्या आम्हा मुलींच्या भातावर तीच चटणी चिमूट चिमूट पडायची. “नियम म्हंजे नियम,” बोटं चाटत बाई म्हणायच्या.

प्राचीही येऊन जायची, पण कॉलेज सांभाळून तिला रविवारच मिळायचा आणि नेमका रविवारी बाईंना श्वास घ्यायला वेळ नसे. ती पालकांच्या बाकावर बसून राहायची. बाई मध्येच येऊन टेकायच्या, कोणीतरी हाक मारली की उठायच्या. दुसऱ्यांच्या मुलींना त्यांच्या आया भेटवताना स्वतःच्या मुलीशी धड बोलणंही त्यांच्या नशिबी नव्हतं. मला तेव्हाही त्याचा राग यायचा.

मी नववीत असताना प्राचीचं लग्न ठरलं. नेमके परीक्षेचे दिवस. वसतिगृहातल्या दुसऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या, आणि मुलींचं वसतिगृह बाईमाणसाशिवाय ठेवायचं नाही हा नियम. ऑफिसने सांगितलं, लग्नाच्या दिवशी सकाळी जा, संध्याकाळी या, तेवढ्यापुरती एखादी शिक्षिका थांबेल, हळदीची सुट्टी नाही. पहिली हळद आईच्या हातची लागते, हे ऑफिसला कोण सांगणार? बाईंनी सांगितलं नाही. आम्हाला म्हणाल्या, “लग्नाला सोडतायत ना, बस झालं. हळदीला गाव हाय की.” त्या दिवशी त्यांनी गच्चीचं कुलूप किती वेळा ओढलं असेल, देव जाणे.

हळदीच्या दिवशी पेपर सुटला, जेवणाची घंटा झाली. मी लवकर जेवून मागे ताट धुवायला गेले, तर फाटकाशी रिक्षा थांबलेली. प्राची उतरली, मागून मावशी, हातात हळदीची वाटी. बाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

“आये, पयली तुजीच. मंग घरी जाऊन बाकीच्यांची,” प्राची म्हणाली.

बाईंनी गजांमधून हात बाहेर काढला. प्राचीने गाल गजांना टेकवले. बाईंनी हळद लावली, आधी गालांना, मग कपाळाला. मग प्राचीने हात गजांतून आत घातले, ते माखले. मग एक पाय, मग दुसरा. मावशीने हळदीचं गाणं धरलं आणि मध्येच सोडलं.

“ताय, जरा फाटक उघड ना,” ती म्हणाली. “पोरीला जवल तरी घे.”

“कशी उघडू? किल्ली...” बाई बोलता बोलता थांबल्या. जुडगा त्यांच्याच कमरेला होता. नियमाला घाबरून त्या उघडत नव्हत्या, असं नाही. हे फाटक आपल्यासाठीही उघडतं, हेच त्या विसरून गेल्या होत्या.

त्यांनी मागे वळून मला पाहिलं. “बोईसरवाली, माजे हात भरलेत. तू काढ चावी.”

मी कुलूप काढलं. फाटक उघडलं आणि समोर रस्ता, सरळ बोईसरला जाणारा. बाई बाहेर गेल्या आणि मायलेकी एकमेकींना अशा बिलगल्या की दोघींचीही हळद झाली. मग बाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी उघड्या फाटकात उभी होते. त्यांना कसली भीती वाटतेय ते मला कळलं. मी दोन पावलं आत आले, फाटक ओढून घेतलं आणि गजांतून हात घालून कुलूप लावलं.

“बाई, सगळ्या जेवतायत. तुम्ही जाऊन या. मी आहे.”

“पुढच्या देवलापर्यंत सोडून येते हिला,” त्या कशाबशा म्हणाल्या. रिक्षात बसण्याआधी त्यांनी सवयीने बाहेरून कुलूप ओढून पाहिलं. एकदाच.

मी किल्ली मुठीत धरून आत उभी राहिले. पळून जायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. या बाईला एकदा तरी बाहेर राहू दे, एवढंच वाटत होतं. बाई चालत परत आल्या, एकट्या, हात पिवळे. मी उघडलं, त्या आत आल्या. मी कुलूप लावलं.

“ओढून बघ,” त्या म्हणाल्या.

दहावी झाल्यावर माझी ट्रंक मागच्याच फाटकातून रिक्षात चढली. आईबाबा बसले. बाई फाटकापर्यंत आल्या आणि आतच थांबल्या. “या ना बाई, रस्त्यापर्यंत,” मी म्हटलं. “ड्यूटी हाय ग बाय,” त्या हसून म्हणाल्या आणि फाटक लोटलं. कुलूप ओढल्याचा आवाज आला. मी रिक्षावाल्याला जरा थांबायला सांगितलं. थोड्या वेळाने तो आवाज पुन्हा आला. मग आम्ही निघालो. ज्या घरासाठी मी तीन वर्षं तळमळले त्या घरी चालले होते, आणि रस्ताभर मला एकच वाटत होतं, की बाईंना आत ठेवून आले.