झूल पांघरलेला सूर्य

सरकारच्या योजनेतून सूर्यावर चालणारे पंप आमच्या गावात पुष्कळांना मिळाले, पण सूर्याला नोकरीवर ठेवून त्याची काळजी घेणारा माणूस अख्ख्या अंजनगाव तालुक्यात एकच, माझे भासरे. म्हणजे आमच्या घरधन्यांचे थोरले भाऊ. त्यांच्यापुढे मी अजूनही पदर घेते आणि बोलत नाही, त्यामुळे त्यांचं बोलणं मात्र सगळं ऐकलं आहे.

अकोल्याच्या शेतकी प्रदर्शनात त्यांनी उन्हातून पंपाला वीज देणारी ही काळी पाटी पहिल्यांदा पाहिली. "याले दानापानी काय लागते?" त्यांनी विचारलं. तिथला माणूस म्हणाला, नुसतं ऊन. "मंग आमच्या इकडं हा उपाशी नाही मरत!" पंपामुळे धूर कमी होईल, तापमान कमी होईल, असंही त्या माणसाने समजावलं. भासरे म्हणाले, "उशिरा का होईना, सरकारले ऊन दिसलं." पाटी वावरात उभी राहिल्यापासून रोज सकाळी तिला रामराम घालून, आपल्या दुपट्ट्याने पुसूनच ते पंप सुरू करत. दुपारी ऊन ऐन भरात असताना तासभर बंद. कारण काय, तर "त्याले धाप लागली."

पहिला पोळा आला. आदल्या संध्याकाळी भासऱ्यांनी पाटीच्या लोखंडी पायांना लोणी-हळद चोळली आणि बैलांना म्हणतात तसं म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." गाव हसलं. पोळ्याला सकाळी पाटीवर झूल चढली. नेमका त्याच दिवशी पंपाची पाहणी करायला साहेब आला.

"काका, ते कापड काढा. पंप चालताना दिसला नाही तर मला बंद लिहावं लागेल."

"लिहा. आज पोळा हाये, आज तो कामाले लागत नाही."

"अहो, ही पाटी आहे, बैल नाही!"

"वावराले पानी कोन पाजते? मंग बैल नाही त काय हाये?"

साहेबाने पेन काढला. बंद लिहिला की पंप परत नेणार, आणि पंप गेला तर संत्र्याची कोवळी झाडं उन्हाळ्यात जळणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ती झूल चांद्याची होती. भासऱ्यांचा शेवटचा बैल, त्याच उन्हाळ्यात गेलेला. साहेबाला हे कोण सांगणार? मी पदराआडून जावेला म्हटलं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बाई, सायबाले म्हना, झूल चांद्याची हाये. आज पुरनपोळी खाऊन घ्या, उद्या पाटी उघडी भेटंल."

साहेबाने पेन परत खिशात ठेवला. "आमच्याही घरचा गोठा रिकामाच आहे," म्हणाला, आणि जेवायला बसला. दुसऱ्या दिवशी येऊन पंप पास करून गेला. भासरे माझ्याशी बोलले नाहीत, पण जावेला म्हणाले, "धाकटीले म्हना, पोळी वाढून घे."

आता संत्र्याला फळ धरतं. भासऱ्यांचे गुडघे मात्र वावरापर्यंत नेत नाहीत. यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी खाटेवरूनच लोण्याची वाटी माझ्याकडे सरकवली. मी वावरात गेले, पाटीच्या पायांना लोणी लावलं, आजूबाजूला कोणी नाही हे पाहिलं, आणि हळूच म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."