टॅन आंटींचं कपाट

हे गेल्यानंतर त्यांचे कपडे आवरायला परवा कपाट उघडलं आणि डांबरगोळ्यांच्या वासाने मी थेट वुडलँड्सच्या जुन्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये पोचले.

आता कम्युनिटी क्लबात भरणारं आमचं मराठी वाचनालय तेव्हा आमच्या हॉलमध्ये, जमिनीवर मांडलेलं असे. एका रविवारी घरमालकीण टॅन आंटी न कळवता आल्या. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत पुस्तकांचा. फ्लॅट सोडावा लागणार, या भीतीने आम्ही दोघं घाईघाईने पुस्तकं गोळा करायला लागलो.

आंटींनी एक पुस्तक उचलून दमटलेला पुठ्ठा चाचपला आणि आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाल्या, “ऑन फ्लोअर कॅनॉट लाह! ऑल स्पॉइल!”

दुसऱ्या दिवशी त्या लाकडी कपाट घेऊन आल्या. त्याला डांबरगोळ्यांचा उग्र वास होता.

“माय हजबंड्स,” त्या म्हणाल्या. “नाऊ एम्प्टी.”

फ्लॅट वाचल्याच्या आनंदात मी लगेच पुस्तकं लावायला घेतली. आंटी मात्र दारातच उभ्या राहिल्या. तेव्हा वाटलं, माझं काम तपासतायत. आज तसं वाटत नाही.

शेवटचा कप्पा भरल्यावर त्या पुढे आल्या, कपाटाचं दार स्वतःच्या हाताने लावलं आणि लिफ्टकडे वळल्या.